आईचं थडगं आणि एस्टिलचा फ्रीझर

काउपेन खोरं,
मे महिन्याचा पहिला आठवडा

प्रिय थर्मनदादा,

तुझ्या धाकट्या बहिणीचा, ओर्लेनाचा, नमस्कार. छाती कशी आहे? ते हवेचं यंत्र झोपतानाच लावतोस की आता दिवसाही लागतं? डॉक्टर काय म्हणाले ते सविस्तर कळव, काही लपवू नकोस. (मागच्या पत्रात तू "बरं आहे" एवढंच लिहिलं होतंस. खाणीत छत खाली आलं त्या दिवशीही तू दारात उभा राहून "बरं आहे" एवढंच म्हणाला होतास आणि मग ओसरीवर आडवा झालास. तेव्हा तुझ्या "बरं आहे"ची किंमत मला कळते.) वहिनींचे गुडघे आणि ओहायोतल्या डेटनची हवा यांचं कसं जमतंय? इथे डॉगवुडची झाडं फुलून गेली, बटाटे लावून झाले, आणि मी ठणठणीत आहे. त्याला माझा काही इलाज नाही, ते पुढे येईलच.

फोनवर तुला धाप लागते आणि मला राग येतो, म्हणून पत्र. आणि आधीच सांगून ठेवते, मी तुझ्याकडे काही मागायला लिहीत नाहीये. त्या खोऱ्यात आता आपलं काही उरलं नाही असं तू म्हणालास, ते मी ऐकून घेतलं आणि तुला उलट एक शब्द बोलले नाही. (जे बोलले ते कोंबड्यांना बोलले. त्यांनी त्यानंतर आठवडाभर अंडी कमी दिली.) इकडे जे घडलं ते तुझ्या कानावर असावं, एवढाच हेतू आहे.

कोळशाची कंपनी आपल्या कड्यावर आली आहे हे तुला ठाऊक आहेच. हल्ली खाण म्हणजे आत शिरणं राहिलेलं नाही, वरून डोंगरच उचलून शेजारच्या घळीत ओततात. कायद्यानं त्यांना दफनभूमीपासून ठरावीक अंतर सोडावं लागतं. पण इथे दफनभूमी आहे हे सिद्ध कुणी करायचं, तर मेलेल्यांच्या माणसांनी. आणि आपल्याकडे थडग्यावर नाव कोरून घ्यायची ऐपत होती कुणाची? ओढ्यातला एक दगड डोक्याशी, एक पायाशी, झालं काम. कंपनीचा वकील स्वतः चढून वर गेला, सगळं हिंडून बघितलं, आणि खाली येऊन फार आदरानं म्हणाला, "बाई, डोंगरावर दगड असायचेच." माझ्याच पायरीवर बसून माझंच ताक प्यायला आणि ग्लास विसळून पालथा घालून गेला. असल्या माणसाला धड शिव्याही देता येत नाहीत.

पुरावा होता आपल्याकडे. तो फोटो. थडगी सजवायच्या रविवारचा, आई गेली त्याच वर्षीचा. मागे कोंबडाखडक, त्याच्या पुढ्यात आईची ताजी माती, मातीवर मेणात बुडवलेली कागदी फुलं, आणि शेजारी तू, बाबांची पँट दोरीनं बांधून, मला घोंगडीत गुंडाळून धरलेला. पलीकडे आर्मिल्डाकाकू, तेव्हा नवी नवरी, हातात फुलांचा ढीग आणि चेहऱ्यावर हसू. (दफनभूमीत हसल्याबद्दल तिला सासूनं बोलून घेतलं होतं, पण ती जन्मभर हसतच राहिली.) तो खडक त्या फोटोत आहे म्हणजे जागा कुठली याबद्दल वकिलाचा बापही वाद घालू शकला नसता. तू आईला पाहिलं आहेस दादा. मी नाही. मी काही दिवसांची होते. आई म्हणून मला जे ठाऊक आहे ते म्हणजे मातीचा तो उंचवटा आणि हा एक फोटो. (बाबा तर खाणीत, डोंगराच्या पोटातच राहिले, त्यांच्यासाठी कंपनीला काहीच सोडावं लागत नाही.)

आता तू विचारशील, फोटो तर घरात चुलीवरच्या फळीवर होता, मग घोडं पेंड खातं कुठे. सांगते. गावात जुन्या बँकेच्या इमारतीत ते ऐतिहासिक दस्तऐवजांचं दालन निघालं होतं ना, ज्याला आम्ही सगळे कागदघर म्हणतो, तिथल्या मिस ऑल्डरिच माझ्याकडे आल्या. मेन राज्यातून आलेली बाई, पण माणूस चांगलं. खोऱ्याखोऱ्यातून हिंडून त्यांनी लोकांकडून फोटो, चर्चची जुनी बाडं, म्हाताऱ्यांच्या आवाजाच्या फिती, रजयांचे नमुने, काय काय गोळा केलं होतं. मला म्हणाल्या, तुमचं घर लाकडाचं, चुलीची ठिणगी उडते, उंदीर आहेत, फोटो आमच्याकडे द्या, तिजोरीच्या खोलीत सुरक्षित राहील, आम्ही त्याची प्रतही काढू. मला पटलं. दिला. प्रती काढायचं काम वर्णमालेच्या क्रमानं चालू होतं, आणि आपण पडलो यॉन्ट्स, वर्णमालेच्या पार शेपटाला. शाळेत जेवणाच्या रांगेतही आपण शेवटी असायचो, तेव्हा मला यात नवल वाटायला नको होतं.

मग गेल्या जुलैत ओढा आला. आपलं लाकडी, उंदरांचं घर टेकाडावर कोरडं राहिलं. बँकेचं तळघर छतापर्यंत भरलं. आणि ती तिजोरीची खोली, दादा, कसली मजबूत बांधली होती जुन्या लोकांनी. पाणी आत शिरलं आणि मागून पाण्यानंच तो लोखंडी दरवाजा लोटून घट्ट लावून टाकला. बाहेर ओढा उतरला, रस्त्यावरचा चिखल वाळला, सरकारी माणसं फोटो काढून गेली, तरी आत आपल्या सगळ्या खोऱ्यांचा इतिहास हौदात भिजत पडला होता. दरवाजा कापून काढला तेव्हा मिस ऑल्डरिच गुडघाभर पाण्यात उभ्या राहून रडल्या. आम्हीही रडलो असतो, पण त्या आठवड्यात ज्यांची घरं गेली, माणसं गेली, त्यांच्यासमोर कागदांसाठी रडायची लाज वाटली.

भिजलेला कागद आणि फोटो वाचवायचा तर तो गोठवायचा, हे मला तेव्हा कळलं. उघडा ठेवला की बुरशी धरते. गोठवून ठेवायचा आणि मग सवडीनं एकेक काढून वाळवायचा. वाळवायचं यंत्र दुसऱ्या राज्यातून येणार होतं. (अजून येतंय.) गावात वीज नव्हती, ती फक्त वरच्या खोऱ्यात, म्हणजे आपल्याकडे. त्यामुळे कागदघर आमच्या ओसऱ्यांवरच्या फ्रीझरांत वाटलं गेलं. सगळ्यात मोठा फ्रीझर आर्मिल्डाकाकूच्या मुलाचा, एस्टिलचा. अर्ध्यात त्यानं मारलेली हरणं, अर्ध्यात आपला अख्खा जिल्हा. मिस ऑल्डरिचकडच्या खास पिशव्या संपल्या तेव्हा एस्टिलनं मोठ्या मनानं आपला मांस बांधायचा पांढरा मेणकागद दिला, आणि बाईंनी तितक्याच मोठ्या मनानं तो घेतला. त्यांनी वरती पेन्सिलीनं आकडे घातले. मेणकागदावर पेन्सिल, त्यावर हिम. ऑगस्ट संपेपर्यंत कुठलं पुडकं हरणाचं आणि कुठलं चर्चचं हे फक्त एस्टिल सांगू शकत होता, कारण कुठे काय ठेवलं ते त्याला ठाऊक होतं. आम्हाला वाटलं, मग काय झालं, एस्टिल कुठे जातोय.

एस्टिल कुठे गेला नाही. आर्मिल्डाकाकू गेली. फेब्रुवारीत, सकाळी, चहा थंड व्हायला ठेवून. एप्रिलमध्ये दफनभूमीबद्दल सरकारी सुनावणी ठरली होती, तिच्यात तीच माझी साक्षीदार होणार होती. आईला मातीत उतरवताना जे हजर होते त्यांतली इथे उरलेली ती शेवटची. वकिलासमोर काय बोलायचं ते तिनं पाठ करून ठेवलं होतं, आणि मधेच हसू नको म्हणून मी तिला बजावतही होते.

आता आपल्याकडची रीत तू विसरला नसशील. मेलेल्याच्या घरचं माणूस स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही, आणि चर्चच्या बायका त्याला काही विचारत नाहीत. मीठ कुठे आहे एवढंही विचारलं तरी घरच्याचा अपमान. क्लीटानं नेहमीप्रमाणे कारभार हाती घेतला. (ती क्लीटा, जिनं तुझ्या लग्नात बीन्समध्ये साखर घातली होती.) तिनं फ्रीझर उघडला, पांढरी पुडकी पाहिली, एस्टिलच्या हरणांचं मनात कौतुक केलं, आणि दिसतील तेवढी पुडकी काढून चुलीशेजारी वितळायला मांडून ठेवली. दुसऱ्या दिवशी दफन. सकाळी आम्ही बायका सुऱ्या घेऊन बसलो आणि पुडकी फोडली. पहिल्यातून एक माणूस निघाला, कोट घालून, शवपेटीत निजलेला. दुसऱ्यातून दोन बाळं, शेजारीशेजारी, तीही तशीच. पूर्वी मेलेल्यांचे फोटो काढायचे ना, जिवंतपणी काढायला पैसे नसायचे म्हणून. ओसरीच्या खोलीत आर्मिल्डाकाकू पेटीत निजलेली, आणि आत आम्ही सुऱ्या धरून तिच्या आधीच्या तीन पिढ्या उलगडतोय. कुणी किंचाळलं नाही. क्लीटा फक्त म्हणाली, "अगं, हा तर माझा मोठा मामा. इतका देखणा होता?"

झालं. कांदे बाजूला राहिले आणि चुण्या पडलेल्या फोटोंवर आम्ही सगळ्या वाकलो. मी टेबलावर चादर अंथरली, जिच्या हाताला जो फोटो आला तो तिनं हलक्या हातानं सुटा केला, दुसऱ्या दोघी चिमट्यांनी दोरीवर लावत गेल्या, आणि हा कुणाचा, ती कुणाची, असा जो काला झाला, की ओसरीवर चर्चचे भाई हॉब्सन ओळ ओळ सांगून भजन म्हणवत होते ते थांबून आत डोकावले. एक पुडकं तोपर्यंत कांद्यासकट ओव्हनमध्ये गेलं होतं. ते कुठल्याशा शाळा समितीचे ठराव निघाले. नंतर कळलं तेव्हाही मिस ऑल्डरिच सोडून कुणाला वाईट वाटलं नाही.

या गोंधळात एस्टिल आत आला. रीत मोडून. बहुधा कुजबूज ऐकून. चुलीशी उभा राहिला, दोरीवरच्या एका फोटोकडे बघितलं, चिमटा काढला, फोटो घेतला आणि तसाच बाहेर गेला. माझी पाठ होती तिकडे, मी दुसऱ्याच कुणाच्या तरी आजोबांच्या मिशा सोडवत होते. नंतर पेटीशी शेवटचं बघायला गेले तर काकूच्या हाताखाली छातीवर काहीतरी ठेवलं होतं, पालथं, पांढरी पाठ वर. पेटीत चष्मा ठेवतात, तपकिरीची डबी ठेवतात, कंगवा ठेवतात, कुणी काय ठेवलं ते आपण विचारत नाही. मला वाटलं, छान केलं पोरानं. (पोर म्हणजे पासष्ट वर्षांचं. पण आई मेली की पोरच.) मग तिला कड्यावर नेलं, शेजाऱ्यांनी खणलेल्या खड्ड्यात उतरवलं, आणि शेवटचं ढेकूळ टाकून होईपर्यंत कुणी हललं नाही, तीही रीतच.

मिस ऑल्डरिच पोचल्या त्यानंतर. रस्ता वाहून गेलेला म्हणून डोंगराला वळसा घालून आल्या. दोरीवरचा इतिहास बघून त्यांना आधी खाली बसावं लागलं, मग त्या कामाला लागल्या, आणि त्यांनीच विचारलं की यॉन्ट्स पुडक्यातला रविवारचा फोटो कुठे आहे. मी दोरी दोनदा बघितली. मग मला आर्मिल्डाकाकूचे हात आठवले.

एस्टिलला त्या फोटोत फक्त त्याची आई दिसली होती, नवी नवरी, हसणारी. त्याच्याकडे तिचा तरुणपणीचा एकही फोटो नव्हता. मागे खडक आहे, मातीचा ढीग आहे, घोंगडीत मी आहे, हे त्यानं बघितलंच नाही, आणि मीही त्याच्या जागी बघितलं नसतं. म्हणजे बघ दादा, दफनभूमी आहे याचा एकमेव पुरावा आम्ही सगळ्यांनी मिळून, भजनं म्हणत, त्याच दफनभूमीत पुरला. दुसऱ्या आठवड्यात मी त्याच्याकडे गेले. थडगं उघडायचं तर त्याची सही लागते. मी कशाला आले ते त्याला दारातच कळलं. म्हणाला, "ओर्लेना, तुझी आई वाचवायला मी माझी आई उकरू?" घरी येऊन मी खूप रडले, हे तुला सांगायला मला लाज नाही.

एप्रिलमध्ये सुनावणी झाली. वकिलानं मला खुर्ची ओढून दिली. काकूच्या दफनाचा सरकारी परवाना असल्यामुळे तिचं थडगं हे थडगं आहे असं कंपनीनं उदारपणे मान्य केलं, आणि अंतर तिच्यापासून मोजलं. पण काकू खालच्या टोकाला, तिच्या सासरच्यांत. आई वरच्या टोकाला, खडकाशी. आई त्या अंतराच्या बाहेर पडली. फार नाही, आपल्या ओसरीच्या लांबीएवढी. आईच्या वतीनं मी बोलायला उठले तर अधिकाऱ्यानं नम्रपणे विचारलं, दफन तुम्ही डोळ्यांनी बघितलं का? मी म्हटलं, मी हजर होते, पण झोपलेली होते. मग त्यानं विचारलं, ज्यानं बघितलं असं कुणी जिवंत आहे का? मी म्हटलं, एक भाऊ आहे ओहायोत, त्याला यंत्र लागतं, तो येत नाही. अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं आणि निकाल पानगळीपर्यंत राखून ठेवला. मी तुला हे फक्त कळवतेय. तुझ्यावर कसलंही ओझं टाकायचा माझा विचार नाही.

बाकी सगळं ठीक. मिस ऑल्डरिच आता दर रविवारी चर्चनंतर येतात आणि बायकांकडून फोटोंतल्या माणसांची नावं लिहून घेतात. त्यांनी तीन वर्षांत जेवढी नावं गोळा केली नव्हती तेवढी त्या एका दफनाच्या सकाळी झाली. यंत्राला जप, औषध चुकवू नकोस.

तुझी बहीण,
ओर्लेना

ता. क. एस्टिलकडे नवा ट्रक आहे. तो म्हणतो, थडगी सजवायच्या रविवारच्या आधी मी डेटनला जातो, थर्मनला यंत्रासकट समोरच्या सीटवर बसवतो आणि हळूहळू आणतो. मी त्याला तसं सुचवलं नव्हतं. तो रोज माझ्या ओसरीवर येऊन काही ना काही ठेवून जातो, काल घरी गाळलेल्या दारूची बाटली ठेवली, परवा सरपण. त्याला दुसरं काय करावं ते कळत नाहीये. अधिकाऱ्यासमोर तुला पाच वाक्यं बोलायची आहेत, ती मी लिहून ठेवली आहेत. वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केकही करून ठेवीन. तुझ्या खोलीत पडदे लावलेत.

ता. क. विसरले. डॉक्टरांनी प्रवासाला नाहीच म्हटलं तर एक गोष्ट आहे, ती मोकळ्या मनानं वाच. तू आणि वहिनींनी डेटनला दफनाची जागा घेऊन ठेवली आहे. ती विकता येते, मी चौकशी केली. आईच्या उजव्या बाजूला जागा आहे. तिथे परवान्यासकट कुणी आलं, तर अंतर तिथून मोजावं लागेल आणि आईसकट सगळी वरची रांग सुटते. मी कपडे वाळत घालायच्या दोरीनं मोजून पाहिलं. घाई मुळीच नाही. पण निकाल पानगळीत आहे, एवढं लक्षात असू दे. म्हणूनच तब्येतीचं सविस्तर कळव म्हटलं.

ता. क. रागावण्याआधी हे वाच. पहिला विचार मी माझाच केला होता. दवाखान्यात गेले, तपासून घेतलं. तो डॉक्टर माझं हृदय ऐकून खूश झाला, म्हणाला, आजी, आणखी वीस वर्षं कुठे जात नाही तुम्ही. मी त्याला परत ऐकायला लावलं. तेच म्हणाला. तुला घरी यंत्र लावून बसवलंय आणि मला हे असं, देवाचं वाटप मला कधी कळलं नाही.

ता. क. एवढंच राहिलं. मेलेला येऊ नकोस, थर्मनदादा. ते मी रागात लिहिलं. जिवंत ये. तो फोटो काळापांढरा होता. आईच्या मातीवर तू फुलं ठेवलीस ती कुठल्या रंगाची होती, हे मी आर्मिल्डाकाकूला कधी विचारलं नाही, कारण ती कुठे जाणार होती. आता ते ठाऊक असलेला तू एकटाच आहेस. यायचं जमलं नाही तरी तेवढं लिहून कळव. यंदा थडगी सजवायच्या रविवारी मला त्याच रंगाची करायची आहेत.